गळालेले अकरा

डॉ. उत्तरा कर्णिक तीन वर्षं ज्या कामासाठी खपली होती, त्याचा शेवटचा तक्ता एका सोमवारी दुपारी पुरा व्हायचा होता. साल १९५५, महिना डिसेंबर. अंधेरीच्या टेकडीखाली एका ट्रस्टचं क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं आणि त्याच्या मागच्या बैठ्या इमारतीत औषधांच्या संशोधनाचा विभाग. विभाग म्हणजे तीन खोल्या, काचेची चार कपाटं, एक टाइपरायटर आणि विभागप्रमुख डॉ. मार्तंड आपटे. क्षयावर निघालेली नवी गोळी इथल्या माणसांना किती मानवते, किती दिवसांत थुंकी साफ होते, याचा अभ्यास तिथं चालला होता. रोगी होते एकशे वीस. अंधेरी, पार्ले, गोरेगाव, थेट बोरिवलीपासून आलेले. आकडे झकास आले होते. शनिवारच्या टपालानं निबंध लंडनच्या एका मोठ्या नियतकालिकाकडे जायचा होता आणि त्यावर दोन नावं असायची होती: पहिलं आपटे सरांचं, दुसरं उत्तराचं.

तक्त्यातल्या एका रकान्यावर तिचं पेन थांबलं. 'मध्येच सोडून गेलेले: अकरा. कारण: असहकार.'

हा शेरा तिनंच वर्षभरापूर्वी सरांच्या सांगण्यावरून लिहिला होता. आज ती सहज म्हणून त्या अकरा जणांची कार्डं काढून बसली. पहिल्या कार्डावर पत्ता वेसावे. दुसऱ्यावर वेसावे. तिसरं, चौथं, सातवं. अकरावं कार्ड उलटून तिनं सगळे पत्ते पुन्हा एकदा पाहिले. अकराच्या अकरा जण वेसाव्याच्या कोळीवाड्यातले होते. आणि वेसाव्याचे रोगी एकूण होतेही अकराच.

ती कार्डं घेऊन सरांच्या खोलीत गेली.

आपटे सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मग? कोळी लोक आहेत गं. चार दिवस बरं वाटलं की बोटीवर पळतात. त्यांना कुठलं औषध नि कुठलं काय!"

"सर, पण एकसुद्धा टिकू नये? बाकीच्या एकशे नऊ जणांत एकही गळत नाही आणि इथं सगळेच गळतात?"

"उत्तरा, तक्ता आज टायपिस्टकडे जायला हवा." ते हसून म्हणाले. रागावले नाहीत. त्यांचं तिच्यावर कधी रागावणं नसेच. तिच्या वडिलांना संशोधन-बिंशोधन मान्य नव्हतं, तेव्हा हेच आपटे सर घरी येऊन, अर्धा कप चहा पिऊन, वडिलांचं मन वळवून गेले होते. त्यांच्यापुढे दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला तिची जीभ उचलेना. तक्ता टायपिस्टकडे गेला. कार्डं मात्र तिनं पिशवीत घातली.

मंगळवारी सकाळी ती बसनं वेसाव्याला उतरली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखालून वाट काढत, विचारत विचारत कमळबाईंच्या दारात पोचली. कमळबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकत. त्यांची सून मंजुळा ही कार्डावरची त्रेसष्ट नंबरची रोगी. कमळबाईंचा धाकटा भाऊ गुणाजी, बोट चालवणारा तांडेल, तो अडुसष्ट नंबर.

"कोन पायजे?" दारातूनच आवाज आला.

"मी इस्पितळातून आलेय. मंजुळाला भेटायचं होतं."

"इस्पितलातनं?" कमळबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मंग आल्या वाटंनी परत जा, बाय. तुमची गोली आमाला नको. माझी सून मरत व्हती त्या गोलीनी."

"मरत होती म्हणजे? काय झालं होतं तिला?"

"तोंड लालबुंद, डोले लाल. डोक्यात घन पडतान आनि छाती नुसती धाड धाड! पानी पानी करत भुईवर पडली. गुनाजीला तसाच. वाड्यात सगल्यांना तसाच झाला. मंग सगल्यांनी ठरवला आनि गोल्या नेऊन खाडीत टाकल्या."

"इस्पितळात येऊन सांगितलं का नाही?"

"सांगितला. तितला कंपौंडर बोल्ला, तुमी गोली घेयाला घाबरता, म्हनून असा होते."

आतून खोकला ऐकू आला. लांब, ओला, मध्येच तुटणारा. उत्तराला तो खोकला ओळखता येत होता. कमळबाईंनी अडवायच्या आत ती उंबरा ओलांडून आत गेली. मागच्या खोलीत चटईवर गुणाजी पडला होता. तिशी-बत्तिशीचा माणूस, कार्डावर वजन लिहिलं होतं एकशे बत्तीस पौंड. आता शंभर तरी भरलं असतं की नाही. उशाशी ठेवलेल्या वाटीत रक्त होतं.

तक्त्यातला 'असहकार' हा असा चटईवर पडला होता.

"यांना आजच्या आज इस्पितळात न्या," ती म्हणाली. "आणि गोळी पुन्हा सुरू करायलाच हवी. नाहीतर..."

"गोली घेतली का लाल होऊन मरायचा, नाय घेतली का खोकून." कमळबाईंचा आवाज फाटला. "तू घेतलीस कवा ती गोली?"

"मी?"

"तूच. तू घे. आमी घेतली तशी घे, रोज. आनि मंग ये माझ्या घरान जेवाला. तुना काय झाला नाय, तर मी सोता या दोघांना घेऊन येन."

बोलून गेल्यावर कमळबाईंनाही वाटलं असावं की आपण जास्त बोललो. पण उत्तरा मान हलवून म्हणाली, "येते. गुरुवारी दुपारी."

त्या दिवसापासून तिनं गोळ्या सुरू केल्या, रोग्यांना देत तेवढ्याच. गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली, विभागातल्या नर्सला. सिस्टर जयंती परब वेंगुर्ल्याची, तिच्याच वयाची, फटकळ.

"खुळी झालंस काय गो तू?" जयंती म्हणाली. "एकटी जाऊन काय करतलंस? तुका काय झाला तर इंजेक्शन कोण देतलो? मी येतंय. आणि मी गोळी घेऊचंय नाय, पण तू जेवतलंस ता सगळा मीय जेवतलंय. म्हणजे कळात, जेवणान झाला की गोळीन."

गुरुवारी दुपारी दोघी कमळबाईंच्या घरी पाटावर बसल्या. जयंतीच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र आणि इंजेक्शनचा डबा. ताटात भाकरी, भात आणि बांगड्याचं लालभडक कालवण. दारात वाड्यातल्या बायका जमल्या होत्या. उत्तरा लहानपणापासून मासे खाणारी, कर्णिकांच्या घरी मासळीवाचून वार जात नसे. पण त्या दिवशी ती एकेक घास मोजून खात होती. सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावर होते.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास. तास. जयंती दर दहा मिनिटांनी नाडी मोजत होती. बाहत्तर. चौऱ्याहत्तर. बाहत्तर.

काहीच झालं नाही.

दारातली एकजण हसली. कमळबाईंचा चेहरा उतरला. आपण खोटं ठरलो याचं दुःख तर होतंच, पण त्याहून मोठी भीती त्यांच्या डोळ्यांत दिसली: गोळी चांगली असेल तर मग आपण गुणाजीच्या गोळ्या खाडीत टाकून काय करून बसलो?

उत्तराला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. निबंध खरा ठरला होता. उद्या-परवा तो लंडनला जाईल, तिचं नाव छापून येईल. ती हात धुवायला उठली, तेव्हा मागच्या दाराशी उभी असलेली मंजुळा, इतका वेळ एक शब्द न बोललेली, हळूच म्हणाली, "बाय, ही मासली आजची हाय."

"म्हणजे?"

"आज तू येनार म्हनून आत्यांनी सकाली ताजा बांगडा काढून ठेवला. आमी रोज असा कुटं खाताव? बाजारातनं पाटी परत येते, खपला नाय तो माल दिवसभर उनान बसलेला असते. तो आमी रातचा खाताव. मना जवा जवा झाला, तवा पाटी परत आली व्हती. बोंबील खाल्ला तवा नाय झाला. बांगडा नायतर कुपा असला तरच."

उत्तरा तशीच ओल्या हातांनी उभी राहिली. महिन्यामागंच तिनं एका परदेशी अंकात वाचलं होतं. बांगडा, कुपा अशी तेलकट मासळी तापली, शिळी झाली की तिच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. अंगात जास्त झालं तर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, रक्तदाब घसरतो. एरवी आपलं शरीर ते द्रव्य मोडून टाकतं. आणि मोडणारा जो पाचक रस, त्यालाच ही नवी गोळी बांधून ठेवते असं काचेच्या नळीतल्या प्रयोगात कुणाला तरी दिसलं होतं. तिथं ते नळीत होतं. इथं अकरा माणसांत.

"उद्या," ती कमळबाईंना म्हणाली, "उद्याची परत आलेली पाटी ठेवा माझ्यासाठी."

शुक्रवारी दुपारी चार वाजता कमळबाई बाजारातून आल्या. पाटीत नऊ बांगडे उरले होते, सकाळपासून उन्हात बसलेले. वासावरून कुणी म्हटलं नसतं की मासळी खराब आहे. त्यांनी ते शिजवले. या वेळी त्या स्वतःच नको नको म्हणत होत्या. "मी रागान बोल्ली, बाय. तू नको खाऊस. मना पाप नको." उत्तरानं दोन बांगडे खाल्ले. जयंतीनंही दोन. खाऊन झाल्यावर घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. जयंतीनं वहीत वेळ लिहिली.

पाच वाजून पाच मिनिटांनी उत्तराच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, भास. मग ती ऊब गालांवर आली, मानेवर उतरली, आणि कुणीतरी चुलीचं दार उघडावं तशी एकदम सगळ्या अंगावर धावून आली. मंजुळानं तोंडावर हात धरला. उत्तराचा चेहरा, गळा, दंड रक्तासारखे लाल झाले होते. डोळे सुजत चालले होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणी हातोडा घेऊन बसलं होतं.

"नाडी?" तिनं विचारलं.

"एकशे अठ्ठावीस." जयंतीचा आवाज बदलला होता. यंत्राचा पट्टा आवळून तिनं पारा पाहिला, पुन्हा पाहिला. "नव्वद. उत्तरा, मी इंजेक्शन भरतंय."

"थांब. तुला काही होतंय?"

"माका काय धाड भरलीहा? काय एक नाय."

"लिही तसं. वेळ लिही."

"ल्हिलंय! आता दंड दी."

"पाच मिनिटं. मंजुळाला किती वेळानं घेरी आली होती ते... मला बघायचंय किती खाली..." तिचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. घराचे वासे वाकडे झाल्यासारखे दिसले. छातीतली धडधड तिला आता दाताच्या मुळांत जाणवत होती. दारातल्या बायकांपैकी कुणीतरी ओरडलं, "मेली गो मेली डाक्टरीन!" आणि कमळबाई मटकन खाली बसल्या.

"पंच्याहत्तर," जयंती म्हणाली. मग तिनं वही फेकून दिली. "मरशील गे! खड्ड्यात गेलो तुझो निबंध! कमळबाई, हिचे पाय वर धरा, त्या पाटीवर ठेवा, असे!"

सुई दंडात शिरली ती उत्तराला कळलीच नाही. तिला दिसत होता तो फक्त कौलांतून आलेला उन्हाचा चौकोनी तुकडा आणि त्याखाली मंजुळाचा पांढराफटक चेहरा. मला इथं काही झालं तर, तिच्या मनात आलं, तर हे लोक पुन्हा कधीच औषध घेणार नाहीत. त्या विचारानं तिनं डोळे उघडे ठेवले. मिटू दिलेच नाहीत.

वीस मिनिटांनी पारा शंभरावर आला. जयंती भिंतीला टेकून बसली आणि तोंड फिरवून रडायला लागली.

शनिवारी सकाळी आपटे सरांच्या टेबलावर टाइप केलेला निबंध पाकिटाशेजारी तयार होता. उत्तराच्या पापण्या अजून सुजलेल्या होत्या. तिनं जयंतीच्या हातची वही पुढं ठेवली. सरांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली.

"तुला अक्कल आहे का?" ते म्हणाले. "तू मेली असतीस तर मी तुझ्या वडिलांना काय सांगितलं असतं?"

"सर, ते अकरा जण असहकार करणारे नाहीत. त्यांना बाधा झाली होती. तक्ता बदलायला हवा."

"एका माणसावरचा प्रयोग. हा काय पुरावा झाला? बाकीच्या एकशे नऊंत मासे खाणारे निम्मे तरी असतील. त्यांना का नाही झालं?"

रात्रभर ती याच प्रश्नापाशी अडली होती आणि पहाटे तिला उत्तर सापडलं होतं. "ज्यांनी मासळी विकत घेतली, त्यांनी सकाळी घेऊन दुपारी खाल्ली, सर. ज्यांनी विकली, त्यांनी उरलेली खाल्ली."

सर वहीची पानं मागं उलटून पुन्हा वाचू लागले. ते स्वतः मासे खात नसत. तीन वर्षांत एकाही रोग्याला 'काय जेवलास' हे त्यांच्या विभागानं विचारलं नव्हतं. हे त्यांच्याही ध्यानात आलं असणार.

"हे बघ," ते शेवटी म्हणाले. "ही गोळी लाखो माणसं वाचवणार आहे. आधीच लोक इंजेक्शनाला घाबरतात, गोळीला घाबरतात. आपण लिहिलं की हिच्यानं माणूस लालबुंद होऊन कोसळतो, तर उद्या पेपरवाले काय छापतील? अकरा माणसांपायी लाखांचं औषध बदनाम करू?"

"बदनाम नाही करायचं. दोन ओळी लिहायच्या. गोळी चालू असताना शिळा बांगडा, कुपा खाऊ नये. एवढंच कळलं असतं तर गुणाजीनं गोळी सोडली नसती."

"लिहू. नंतर लिहू. वेगळं टिपण करू. आज हा जाऊ दे."

"आज हा असा गेला तर नंतर कोण वाचणार, सर?"

"उत्तरा, मी मासिकवाल्यांना शब्द दिलाय. आज टपाल." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ठरव तू."

तिला पाच मिनिटं लागली की पाच क्षण, ते तिला नंतर कधी आठवलं नाही. तिनं सरांच्या टेबलावरचं पेन उचललं आणि पहिल्या पानावर, 'मार्तंड आपटे' च्या खाली टाइप केलेल्या आपल्या नावावर एक आडवी रेघ मारली. मग पेन टोपण लावून होतं तसं ठेवलं.

पाकीट दुपारी गेलं.

त्याच संध्याकाळी कमळबाई मंजुळाला आणि गुणाजीला घेऊन इस्पितळाच्या फाटकात उभ्या होत्या. शिळ्या बांगड्याचं कारण उत्तरानं त्यांना शुक्रवारीच समजावलं होतं. नंतरच्या आठवड्यात त्या घरोघर फिरल्या. गोळी घ्यायची, पाटी परत आली तर बोंबील खायचा, बांगडा नाय, असं त्या वाड्यात अशा काही दमानं सांगत की जणू शोध त्यांनीच लावला होता. आणि एका परीनं लावलाच होता. अकरापैकी दहा जण पुन्हा औषधावर आले आणि ते दहाही बरे झाले. गुणाजीला उशीर झाला होता. जानेवारीच्या अखेरीस तो गेला.

मार्चमध्ये उत्तराची नेमणूक संपली, ती पुढं वाढवली गेली नाही. कुणी काही बोललं नाही, कागदच आला नाही. तिनं मुलुंडच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. तिथं सकाळी सत्तर-ऐंशी रोगी, दुपारी रिकामं टेबल. त्या टेबलावर तिनं अकरा जणांची हकिकत आणि स्वतःचं टिपण लिहून काढलं. दोन ठिकाणांहून साभार परत आलं. तिसऱ्या जागी, कुठल्याशा प्रांतिक वैद्यकीय मासिकात, शेवटच्या पानावर टॉनिकच्या जाहिरातीखाली बावीस ओळी छापून आल्या.

त्या काळी निबंध किती वाचला गेला, हे पोस्टकार्डांवरून कळे. 'आपल्या निबंधाची प्रत पाठवावी' अशी कार्डं जगभरातून येत. आपटे सरांच्या निबंधाला दोन वर्षांत शंभरावर कार्डं आली. जयंती विभागात होती तोवर सांगे, सर ती काचेच्या कपाटात तिकिटं दिसतील अशी लावून ठेवतात. उत्तराच्या बावीस ओळींना एकच कार्ड आलं. कारवारच्या डॉ. नंदकिशोर नाडकर्णींचं. तिनं प्रत पाठवली, त्यावर पुन्हा काही उत्तर आलं नाही.

१९५८ च्या नोव्हेंबरात घाटकोपरच्या एका शाळेत क्षयावर काम करणाऱ्या डॉक्टरांची सभा भरली. प्रमुख वक्ते डॉ. मार्तंड आपटे. उत्तरा पाचव्या रांगेत बसली होती. सर पूर्वीसारखेच छान बोलले. आकडे फळ्यावर लिहिले, लोकांनी उतरून घेतले. बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतून एक काळासावळा, बुटका गृहस्थ उठला.

"मी नाडकर्णी, कारवारहून आलोय. माझ्याकडे या गोळीवरचे रोगी मासळी खाऊन लाल होतात, घेरी येऊन पडतात. चाळीसेक झाले. त्यांतल्या सहांनी गोळी सोडली, ते दगावले. मग मला एक छोटं टिपण मिळालं आणि बाकीचे वाचले. आपल्या निबंधात म्हटलंय, काहीही बाधा नाही. आपल्याला एकाही रोग्यात हे दिसलं नाही?"

आपटे सरांनी पेल्यातलं पाणी घेतलं. "माझ्या निबंधात तशी नोंद नाही," ते म्हणाले.

शब्दशः खरं होतं. उत्तराच्या कानशिलांत रक्त चढलं, तसंच, त्या शुक्रवारसारखं. गप्प बसावं, असं तिच्या अर्ध्या मनाला वाटत होतं. या माणसानं तिला घडवलं होतं. आणि कारवारला सहा माणसं मेली होती. ती उठली तेव्हा खुर्ची मागच्या माणसाच्या गुडघ्यावर आदळली.

"निबंधात नोंद नाही, कारण ते रोगी मोजलेच नाहीत," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "ते अकरा होते. सगळे वेसाव्याचे. त्यांना असहकार करणारे म्हणून बाजूला टाकलं. तो शेरा माझ्या हातचा आहे. त्यांतला एक, गुणाजी नावाचा तांडेल, त्या शेऱ्यापायी गेला. टिपण माझं आहे."

सगळी डोकी आधी तिच्याकडे आणि मग व्यासपीठाकडे वळली. आपटे सर उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, हातात धरला, पुन्हा घातला.

"डॉक्टर कर्णिक सांगताहेत ते खरं आहे," ते म्हणाले. "आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं."

नंतर शाळेच्या पायऱ्यांवर ते तिची वाट पाहत थांबले होते. तीन वर्षांत खूप म्हातारे झाले होते.

"तुझं टिपण मी छापून आलं त्याच आठवड्यात वाचलं," ते म्हणाले. "विभागाच्या सगळ्या कार्डांवर ओळ छापून घेतली. बांगडा, कुपा वर्ज्य. दोन वर्षं झाली."

जयंतीनं त्याआधीच विभाग सोडला होता, म्हणून उत्तराला हे कळलं नव्हतं. क्षणभर तिला बरं वाटलं. मग राग आला.

"म्हणजे तुमच्या रोग्यांना कळलं," ती म्हणाली. "आणि कारवारला?"

सरांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "मी म्हणायचो, औषध बदनाम होईल. औषधाचं काही नव्हतं गं. मला माझ्या निबंधाची भीती होती."

"मग आता छापा. त्याच मासिकात. तुमच्या नावानं छापा, माझं नाव नसलं तरी चालेल. पण छापा."

त्यांनी मान हलवली. ते छापतील असं तिला खरं वाटलं नव्हतं. पण १९५९ च्या जूनमध्ये लंडनच्या त्या मासिकात 'दुरुस्ती' या मथळ्याखाली आठ ओळी आल्या. अकरा रोगी, बाधेचं कारण, आणि 'हे प्रथम डॉ. उत्तरा कर्णिक यांच्या ध्यानात आले' असं स्वच्छ वाक्य. त्यानंतर मुलुंडच्या दवाखान्यात पोस्टकार्डं यायला लागली. कोलंबो, मनिला, लिस्बन, जिथं जिथं बंदर आणि मासळी होती तिथून. मुलुंडचा पोस्टमन तिकिटांकडे बघत विचारायचा, "बाई, एवढे नातेवाईक कुठून काढले हो?"

ती अंक घेऊन वेसाव्याला गेली. कमळबाईंना आठही ओळी मराठीत करून सांगितल्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"गुनाजीचा नाव हाय त्यान?"

"नाही. रोग्यांची नावं छापत नाहीत."

"छापाला पायजे व्हता," कमळबाई म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात तिनं नवी वही घातली. गोळी घेणाऱ्या काही बायकांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात, असं तिच्या कानावर येत होतं. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, बायकांची कुरकुर असते ती. उत्तरानं पहिल्याच पानावर त्या बायकांची नावं, पत्ते आणि त्या काय जेवतात ते लिहायला सुरुवात केली. औषध सोडून गेलेल्यांसाठी तिनं वेगळी पानं राखली आणि दर रविवार हा त्यांच्या घरी जाण्याचा दिवस ठरवला.